सिस्टर मारिया इनोसेन्शिया हुमेल : एका निरागसतेचा इतिहास

मुलांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंतांना कलेच्या इतिहासात सहसा फार जागा मिळत नाही. मोठ्या चित्रकारांची चित्रे संग्रहालयांत जातात, त्यांवर ग्रंथ लिहिले जातात. मुलांची चित्रे मात्र मुलांच्या हातांत राहतात, हाताळून हाताळून मळतात आणि फाटली की केरात जातात. त्यांचा इतिहास लिहावा असे कोणाला फारसे वाटत नाही. परंतु अशाच साध्या चित्रांना एका बलाढ्य राजसत्तेने आपले शत्रू मानले आणि ती चित्रे काढणाऱ्या धर्मभगिनीची जाहीर निर्भर्त्सना केली, ही घटना विसाव्या शतकात, ख्रिस्ती म्हणवणाऱ्या युरोपखंडाच्या मध्यभागी घडली आहे.

ही धर्मभगिनी म्हणजे जर्मनीतील सिस्टर मारिया इनोसेन्शिया हुमेल. फुगीर गालांची, विस्कटलेल्या केसांची, मोठ्या माणसांचे बूट पायांत अडकवून चालणारी त्यांची मुले पुढे शुभेच्छापत्रांवरून आणि चिनी मातीच्या बाहुल्यांच्या रूपाने जगभर पोहोचली. बाहुल्या ओळखणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यामागची संन्यस्त स्त्री ओळखणारे थोडे. तिच्या आयुष्याची आणि तिच्या कलेमागील प्रेरणांची ओळख आमच्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

मासिंगचे घर

दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया प्रांत हा पूर्वापार कॅथलिक श्रद्धेचा प्रदेश. तेथील मासिंग या छोट्या गावात २१ मे १९०९ रोजी एका दुकानदाराच्या घरी बेर्टाचा जन्म झाला. आडोल्फ आणि व्हिक्टोरिया हुमेल या दांपत्याच्या सहा मुलांपैकी ती तिसरी. वडिलांना कलेची ओढ होती. पण घरचे दुकान सांभाळणे प्राप्त झाले आणि ती ओढ मनातच राहिली. अनेक घरांत असे घडते. आईबापांची अपुरी राहिलेली हौस एखाद्या लेकराच्या बोटांत उतरते आणि शहाणे आईबाप तिला वाट करून देतात. हुमेल घराण्यात तेच झाले.

जर्मन भाषेत ‘हुमेल’ म्हणजे भुंगा. नावाप्रमाणेच ही मुलगी एका जागी स्वस्थ बसणारी नव्हती. हाती लागेल त्या कागदावर ती चित्रे काढीत असे.

याच सुमारास पहिले महायुद्ध पेटले. ज्या महायुद्धामुळे मुंबई-पुणे मिशनमध्ये सेवा करणाऱ्या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंना येथून निघून जावे लागले, त्याच महायुद्धाने मासिंगमधील बेर्टाच्या वडिलांनाही सैन्यात ओढून नेले. वडिलांच्या गैरहजेरीत ही खोडकर मुलगी शाळेत अधिकच हूड झाली. मात्र तिला शिकवणाऱ्या धर्मभगिनींनी तिचा चंचलपणा पाहिला तसाच तिचा हातही पाहिला. पुढे वयाच्या बाराव्या वर्षी तिला सिंबाख येथील वसतिशाळेत धाडण्यात आले. ही शाळा मेरी वॉर्ड यांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या धर्मभगिनीसंघाची होती. मदर तेरेसा ज्या लोरेटो संघातून भारतात आल्या, तो संघही याच वृक्षाची एक शाखा होय. मुलींना चांगले शिक्षण मिळाले पाहिजे, हा मेरी वॉर्ड यांचा आग्रह होता. त्या आग्रहाचे फळ बेर्टाच्या पदरात पडले. सिंबाखच्या शाळेत तिच्या चित्रकलेला शिस्त लागली.

म्युनिकहून सीसेनला

१९२७ साली बेर्टा म्युनिकच्या उपयोजित कलेच्या शाळेत दाखल झाली. माक्सिमिलियान डासिओ आणि एल्झे ब्राउनाइस यांच्यासारखे शिक्षक तिला लाभले. रेखाटन, जलरंग, वस्त्रांवरील आकृतिबंध अशा अनेक अंगांचे तिचे शिक्षण झाले. तिने त्या काळात केलेली व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे पाहिली म्हणजे ध्यानात येते, की ती केवळ गोड मुले काढणारी चित्रकर्ती नव्हती. रेषेवर तिची पक्की हुकमत होती. पुढे तिची मुले साधी दिसतात, ती साधेपणा निवडल्यामुळे. अंगी दुसरे काही नव्हते म्हणून नव्हे.

म्युनिकमध्ये तिची सीसेन मठाच्या दोन फ्रान्सिस्कन भगिनींशी मैत्री झाली. त्या दोघीही तेथे कलेचे शिक्षण घेत होत्या. कला आणि संन्यास या दोन वाटा एकमेकींना छेद देत नाहीत, हे बेर्टाने त्यांच्या रूपाने प्रत्यक्ष पाहिले. १९३१ च्या मार्चमध्ये तिने आपला अभ्यासक्रम उत्तम रीतीने पूर्ण केला. कलाशाळेतच राहून पुढे जाण्याची संधी तिच्यापुढे होती. तिने मात्र त्याच वर्षी २२ एप्रिल रोजी सीसेन मठात प्रवेश केला. तेव्हा तिचे वय बावीस वर्षांचेही नव्हते.

सीसेनचा मठ झाऊलगाऊ या गावाजवळ आहे. तेथील मठमंदिर डोमिनिकुस त्सिमरमान या विख्यात वास्तुकाराने अठराव्या शतकात उभारलेले. तिसऱ्या पंथाच्या फ्रान्सिस्कन भगिनी एकोणिसाव्या शतकात तेथे आल्या आणि त्यांनी शिक्षणकार्य हाती घेतले. बेर्टाला झाऊलगाऊच्या शाळेत चित्रकला शिकवण्याचे काम मिळाले. त्याखेरीज ती वेदीवरील वस्त्रे आणि धर्मगुरूंची पूजावस्त्रे यांच्यासाठी आकृतिबंध तयार करी.

२२ ऑगस्ट १९३३ रोजी तिला संन्यासवस्त्र मिळाले आणि मारिया इनोसेन्शिया हे नवे नाव लाभले. ‘इनोसेन्शिया’ म्हणजे निरागसता. या तारखेकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. त्याच वर्षी जानेवारीत हिटलर सत्तेवर आला होता आणि जुलैमध्ये पोप महोदयांचे कार्यालय आणि जर्मन सरकार यांच्यात करार झाला होता. या करारामुळे ख्रिस्तसभेच्या शाळा आणि संस्था सुरक्षित राहतील, अशी आशा अनेकांना वाटत होती. निरागसतेचे नाव धारण करून एक तरुणी मठात पाऊल टाकीत असता देशात मात्र निरागसतेचे दिवस सरत आले होते.

चित्रांतील मूल

सिस्टर इनोसेन्शिया यांची बालचित्रे जन्मली ती वर्गात. धडा नीट केलेल्या विद्यार्थ्यांना बक्षीस म्हणून त्या छोटी छोटी चित्रे काढून देत. ती चित्रे मुलांना इतकी आवडू लागली, की मठातील भगिनींनी ती प्रकाशकांकडे पाठवली. म्युनिकच्या ‘आर्स साक्रा’ या धार्मिक प्रकाशनसंस्थेने त्यांची कार्डे छापली. १९३४ साली स्टुटगार्टच्या एमिल फिंक यांनी मार्गारेटे झेमान यांच्या कवितांसह ‘हुमेल-बूख’ म्हणजे हुमेलचे पुस्तक प्रसिद्ध केले.

या चित्रांच्या प्रेरणा कोणत्या, याचा विचार केला असता आम्हांस तीन झरे दिसतात.

पहिला झरा मासिंगच्या घराचा आणि गावाचा. त्यांच्या चित्रांतील मुले राजवाड्यातील नाहीत. कोणी हंस राखते, कोणी सफरचंदाच्या झाडावर बसते, कोणी पाठीला पिशवी आणि हातात छत्री घेऊन वाटेला लागते, कोणी व्हायोलिन वाजवते. कपड्यांना ठिगळे आहेत, मोजे घसरले आहेत, नाक वर उचललेले आहे. सहा भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलीनेच अशी मुले काढावीत. मूल कसे दिसावे हे त्या चित्रांत नाही. मूल कसे असते ते आहे.

दुसरा झरा बव्हेरियातील देवळांचा. तेथील मंदिरांत वेदीभोवती, छताच्या कोपऱ्यांत, वचनपीठाच्या कठड्यावर गुबगुबीत बालदेवदूतांची दाटी असते. बालपणापासून मिस्साबलिदानाच्या वेळी डोळे वर गेले, की तेच दिसायचे. सिस्टर इनोसेन्शिया यांनी या देवदूतांना छतावरून खाली आणले. त्यांच्या हाती मेणबत्ती, कंदील किंवा वाद्य दिले आणि त्यांना गावातल्या मुलांच्या पंगतीला बसवले. त्यामुळे त्यांच्या चित्रांत कोणते मूल माणसाचे आणि कोणते स्वर्गातले हे केवळ पंखांवरून ओळखावे लागते.

तिसरा झरा अर्थातच संत फ्रान्सिस यांचा. १२२३ साली ग्रेच्चिओ येथे त्यांनी नाताळचा गोठा उभारला आणि देव बाळ होऊन आला, हे साध्या शेतकऱ्यांना डोळ्यांनी पाहू दिले. त्या परंपरेतील भगिनीला कोणत्याही बाळाकडे पाहताना गव्हाणीतील बाळ आठवले तर नवल नाही. सिस्टर इनोसेन्शिया यांनी पवित्र मरियेची आणि बाळ येशूची अनेक चित्रे काढली. त्यांच्या बालचित्रांच्या पाठीशी हीच श्रद्धा आहे. ती बाजूला ठेवली तर बाहुल्या तेवढ्या उरतात.

मातीचे रूप

१९३४ च्या अखेरीस फ्रान्झ गोएबल या कारखानदाराच्या पाहण्यात ही कार्डे आली. (नाझी प्रचारमंत्री गोबेल्स याच्याशी या घराण्याचा काही संबंध नाही.) कोबुर्गजवळील ओएस्लाऊ येथे १८७१ साली स्थापन झालेला त्यांचा चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना होता. मंदीच्या त्या दिवसांत कामगारांना काम देईल अशा नव्या मालाच्या शोधात ते होते. त्यांनी मठाला पत्र लिहिले. सिस्टर इनोसेन्शिया आणि मठाच्या वरिष्ठ यांनी होकार दिला, पण एका अटीवर : प्रत्येक नमुना त्यांच्या नजरेखालून गेला पाहिजे आणि त्यांनी संमती दिल्यावाचून तो बाजारात जाता कामा नये. आर्थर म्योलर आणि राइनहोल्ड उंगर या शिल्पकारांनी चित्रांवरून नमुने घडवले आणि १९३५ च्या मार्चमध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत या मूर्ती प्रथम मांडल्या गेल्या. खरेदीदारांनी त्या उचलून धरल्या.

मिळकत मठाची होती. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या सिस्टरांची नव्हती. त्यांच्या वाट्याला आले ते काम. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक. पुढील शिक्षणासाठी त्या पुन्हा म्युनिकला गेल्या. परंतु आजारपणामुळे १९३६ मध्ये त्यांना मठात परतावे लागले.

मार्च १९३७

आता आम्ही या इतिहासाच्या मर्माकडे येतो.

नाझी राजवटीला मुले हवी होती; पण ती कशी? ताठ उभी राहणारी, एका पोशाखातली, ढोलाच्या तालावर पावले टाकणारी. १ डिसेंबर १९३६ च्या कायद्याने सर्व जर्मन मुलांना ‘हिटलर युवक’ संघटनेच्या छत्राखाली आणण्यात आले. आईबापांचा आणि ख्रिस्तसभेचा मुलांवरील अधिकार हळूहळू हिरावून घेतला जात होता. या वातावरणात पोप अकरावे पायस यांनी जर्मन भाषेत एक परिपत्रक लिहिले. ते गुप्तपणे जर्मनीत पोहोचवून २१ मार्च १९३७ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, देशभरातील कॅथलिक मंदिरांत वाचून दाखवण्यात आले. वंश आणि राष्ट्र यांना देवाच्या जागी बसवणाऱ्या विचाराचा त्यात निषेध होता.

त्याच मार्च महिन्यात ‘डेर एस. ए. मान’ या नाझी नियतकालिकाने सिस्टर इनोसेन्शिया यांच्या चित्रांवर हल्ला चढवला. त्यांच्या चित्रांतील मुलांची डोकी पाणी साचून फुगलेली, पाय वेडेवाकडे, अशी त्यांची हेटाळणी करण्यात आली. जर्मन मुलाचे हे विद्रूपीकरण आहे आणि अशा चित्रकर्तीला जर्मन कलावंतांत स्थान नाही, असा त्या लेखाचा सूर होता. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ या नावाचे कुप्रसिद्ध प्रदर्शन भरवून आधुनिक चित्रकारांची विटंबना करण्यात आली. मोठमोठ्या बंडखोर चित्रकारांच्या रांगेत, मुलांना बक्षिसाची चित्रे देणारी ही शिक्षिकाही अशा रीतीने जाऊन बसली.

वरवर पाहता हा राग हास्यास्पद वाटेल. छत्री घेतलेल्या पोराने राज्य काय उलथणार होते? परंतु आमच्या मते त्या नियतकालिकाची नजर चुकली नव्हती. धडधाकट, उंच, निर्दोष शरीर हाच ज्यांचा देव, त्यांना अडखळणारे, नाक पुसणारे, मोजे घसरलेले मूल सहन होणार नाही. हे मूल कोणाच्या उपयोगाचे नाही. ते सैनिक नाही, वंशाचा नमुना नाही. ते देवाला प्रिय आहे एवढीच त्याची योग्यता. आणि ही योग्यता कोणत्याही सरकारला देता येत नाही वा काढून घेता येत नाही. अपंग आणि मतिमंद मुलांना ठार मारण्याची योजना याच राजवटीने १९३९ पासून अमलात आणली, हे आठवले म्हणजे ‘पाणी साचलेली डोकी’ या शब्दांचा अर्थ किती भीषण होता ते उमगते.

त्यांच्या चित्रांचा जर्मनीतील प्रसार रोखण्यात आला. परदेशी मालाची विक्री मात्र चालू राहू दिली, कारण सरकारला परकीय चलन हवे होते. सिस्टर इनोसेन्शिया यांनी त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी आपली अखेरची व्रते घेतली. या काळात त्यांनी काढलेल्या काही देवदूतांच्या झग्यांवर सहा टोकांचे तारे दिसतात. १९३८ साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मनीभर यहुदी सभास्थाने जाळली गेली त्या वर्षी, मठाच्या प्रार्थनालयासाठी त्यांनी क्रूसासमोर यहुदी परंपरेतील सात शाखांचा दीप रेखाटला. जुना करार आणि नवा करार एकमेकांपासून तोडता येत नाहीत, ही आपल्या श्रद्धेची शिकवण त्या चित्रात होती. त्या दिवसांत ती मांडणे जोखमीचे होते. सिस्टर इनोसेन्शिया यांना क्रांतिकारक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांनी भाषण केले नाही की पत्रक काढले नाही. जे श्रद्धेचे होते ते त्यांनी चित्रातून पुसले नाही, इतकेच. पण त्या दिवसांत पुसून टाकणारेच बहुसंख्य होते.

तळघरातील वर्षे

१९४० च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने सीसेनचा मठ ताब्यात घेतला. बहुतेक भगिनींना बाहेर पडावे लागले. सुमारे ४० जणींना एका भागात राहू देण्यात आले, तेही खोल्या गरम ठेवण्याच्या सोयीवाचून आणि उपजीविकेच्या साधनावाचून. सिस्टर इनोसेन्शिया प्रथम मासिंगला घरी गेल्या. तेथे ऊब होती, अन्न होते, आईची माया होती. परंतु मठाचा वियोग त्यांना सोसवेना. लवकरच वरिष्ठांची अनुमती मागून त्या परतल्या. तळघरातील एक लहानशी खोली त्यांना मिळाली. तीच झोपण्याची जागा आणि तीच चित्रशाळा.

येथे इतिहास आम्हांला एक अवघड प्रश्न विचारतो. त्यांच्या चित्रांपासून मिळणाऱ्या पैशांपैकी अर्धे नाझी सरकार घेत असे. उरलेल्या अर्ध्यावर मठातील भगिनींचा निर्वाह चाले. म्हणजे चित्र काढावे तर छळणाऱ्याच्या तिजोरीत भर पडते; न काढावे तर सोबतच्या भगिनी उपाशी राहतात. दूर अंतरावरून निवाडा देणे सोपे आहे. आम्ही तो देऊ इच्छीत नाही. हुकूमशाहीचे दुष्टपण केवळ तुरुंगांत नसते. सज्जनाच्या प्रत्येक घासात ती आपला वाटा मिसळून ठेवते, ही गोष्ट या तळघरातून शिकण्यासारखी आहे. सिस्टरांनी भगिनींची भूक पाहिली आणि पेन्सिल उचलली.

थंडी, अपुरे अन्न आणि अविश्रांत काम यांचा परिणाम व्हायचा तो झाला. १९४४ च्या अखेरीस त्यांना क्षयाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले आणि इस्नी येथील आरोग्यधामात त्यांना हलवण्यात आले. १९४५ च्या वसंतात युद्ध संपले, मठ मोकळा झाला, भगिनी परतू लागल्या. सिस्टर इनोसेन्शिया यांची प्रकृती मात्र सुधारली नाही. ६ नोव्हेंबर १९४६ रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, सीसेनच्या मठातच त्यांनी देह ठेवला. मठाच्या दफनभूमीत त्या विसावल्या आहेत.

मागे उरलेले

त्यांच्या मृत्यूनंतर त्यांची मुले जगप्रवासाला निघाली. युद्धानंतर जर्मनीत असलेल्या अमेरिकन सैनिकांनी या मूर्ती विकत घेऊन आपापल्या घरी पाठवल्या. ज्या देशाशी आपण लढलो, त्या देशातही अशी मुले आहेत, हे त्या पार्सलांतून अमेरिकेतील आईबापांना दिसले असेल. १९५० पासून कारखान्याच्या मुद्रेत एक उडता भुंगा आला. हुमेल या नावाला ती वाहिलेली आदरांजली होती. पुढे अमेरिकेत या मूर्ती जमवण्याचे वेडच पसरले. कालांतराने ते ओसरले आणि २००८ साली गोएबल कारखान्याने त्यांचे उत्पादन थांबवले. मिळालेल्या धनातून सीसेनच्या भगिनींना मठाची आणि मिशनची सेवाकार्ये चालवता आली.

या चित्रांत गोडवा जास्त आहे, दुःखाची छाया कमी आहे, असा आक्षेप काही समीक्षक घेतात. तो अगदीच निराधार नाही. बाजाराने त्यांच्या हातची गोड मुले तेवढी उचलली. त्यांचे क्रूस, त्यांच्या मरियामाता, त्यांची गंभीर व्यक्तिचित्रे मागे पडली. पण हा गोडवा ज्या तळघरात निर्माण झाला ते ठाऊक झाल्यावर त्याची चव बदलते. दुःख माहीत नाही म्हणून हसणे वेगळे आणि दुःख पुरते माहीत असून दुसऱ्याच्या मुलासाठी हसरे चित्र काढणे वेगळे. सिस्टर इनोसेन्शिया यांना मिळालेले नाव हे दुसऱ्या प्रकारच्या निरागसतेचे होते.

आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांना या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मुलांना आज कोणी गणवेश घालून रस्त्यावर चालवीत नाही, हे खरे. परंतु मूल गुणांच्या टक्क्यांनी मोजावे, स्पर्धेच्या निकालाने जोखावे, शेजारच्या मुलाशी तुलना करून त्याची किंमत ठरवावी, ही रीत आपल्या घरांतही शिरली आहे. घसरलेले मोजे आणि पुसायचे राहिलेले नाक पाहून आपल्यालाही आधी चीड येते, नंतर माया. आडोल्फ हुमेल यांनी एका हूड मुलीच्या हातून कागद हिसकावून घेतला नाही आणि शाळेतील धर्मभगिनींनी तिच्या खोड्यांपलीकडे पाहिले, म्हणून पुढचे सारे घडले. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे पोर प्रश्नोत्तरे सोडून वहीच्या कडेला चित्र काढीत बसलेले आढळले, तर त्याला रागावण्यापूर्वी शिक्षकांनी ते चित्र एकदा नीट पाहावे, एवढी आमची नम्र विनंती आहे.